तिळाएवढा फरक

सोमवार

मल्टिव्हर्सवाले, म्हणजे समांतर विश्वांचे सुपरहिरो सिनेमे पुन्हा ओळीने बघायला घेतले आहेत. पहिल्यांदा बघताना कॅमिओ आणि शिट्ट्या-टाळ्यांच्या गदारोळात बरंच निसटतं. या वेळी दोनच गोष्टींवर नजर ठेवायची: दुसरं विश्व आपल्या विश्वापासून नेमकं कुठे फुटलं, आणि तिकडे जाणाऱ्याने त्यासाठी काय मोजलं. या दोन्हींचं उत्तर ज्या सिनेमाकडे असतं तो टिकतो. ज्याच्याकडे नसतं, त्यात कितीही ओळखीचे चेहरे आणून उभे केले तरी थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत काही उरत नाही.

मराठी वाचकाला हे माप नवं नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अशा जगात पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. कारण एकच. विश्वासरावांना लागायची ती गोळी तिथे कानाला चाटून गेली. तिळाएवढा फरक, आणि त्यातून सगळा पुढचा इतिहास वेगळा. मुंबईत अजून कंपनीचा अंमल आहे, स्टेशनवर गोरे दिसतात, आणि टाउन हॉलच्या ग्रंथालयात वेगळी बखर मिळते. परतताना खिशात राहतं फक्त फाटलेलं एक पान. फुटीची जागा एक, पुरावा एक, आणि तो पुरावाही अर्धवट. कित्येक कोटी डॉलर खर्चून काढलेल्या सिनेमांना एवढं साधत नाही.

ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रबंधात अनेक विश्वांची कल्पना गणितात मांडली. त्यात फांद्या फुटतात, पण एका फांदीवरून दुसरीवर जायची सोय नाही. सिनेमाला ती सोय हवीच, नाहीतर गोष्ट घडणार कशी? म्हणजे दार पटकथाकारालाच बनवावं लागतं. माझ्या मते सगळी परीक्षा त्या दाराची आहे.

मंगळवार

'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८). यातलं दार म्हणजे न्यूयॉर्कखाली बांधलेला कोलायडर, कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र. त्यातून दुसऱ्या विश्वातले स्पायडर-मॅन ओढले जातात, पण त्यांचं शरीर इथे टिकत नाही. मधूनच माणूस तुटतो, रंग फाटतात, वेदना होतात. फार दिवस राहिलात तर मराल. आणि परत जायचं तर कोणीतरी मागे राहून यंत्र बंद करायला हवं. किंमत पाहुण्यांच्या अंगावरच दिसते, त्यामुळे ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पीटर बी. पार्कर, दुसऱ्या विश्वातून आलेला थोराड स्पायडर-मॅन, मागे राहायला तयार होतो तेव्हा ते पटतं, कारण त्याचा हात थरथरताना आपण आधीच पाहिलेला असतो.

आता फ्रेमबद्दल, कारण खरी कमाल तिथे आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. प्रत्येक फ्रेमला नवी मुद्रा दिली तर त्याला 'ऑन वन्स' म्हणतात. एक मुद्रा दोन फ्रेम धरून ठेवली तर 'ऑन टूज', म्हणजे सेकंदाला १२ मुद्रा. अल्केमॅक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेतून पळाल्यावर जंगलातला प्रसंग बघा. पीटर बी. 'वन्स'वर झोके घेतो; माइल्स, म्हणजे या विश्वातला शिकाऊ स्पायडर-मॅन, 'टूज'वर. दोघं एकाच चौकटीत आहेत, एकाच झाडावरून जातायत, आणि तरी माइल्स अडखळतोय असं डोळ्याला जाणवतं. का ते बहुतेकांना कळतही नाही. पुढे तो उंच इमारतीवरून स्वतःला सोडून देतो, तोवर त्याची हालचाल गुळगुळीत झालेली असते. शिकाऊ पोरगा तरबेज झाला हे संवादाऐवजी फ्रेमच्या हिशेबात सांगितलंय.

हे स्वतः तपासायचं तर सोपं आहे. संगणकावर व्हीएलसीमध्ये सिनेमा थांबवून 'ई'ची कळ दाबत जा, एकेक फ्रेम पुढे सरकते. यूट्यूबवरचा तुकडा असेल तर आधी पॉज, मग पूर्णविरामाची कळ पुढे आणि स्वल्पविरामाची मागे. माइल्सची मुद्रा दोन-दोन टिचक्यांनी बदलेल, पीटरची प्रत्येक टिचकीला. आणखी एक गोष्ट तिथेच दिसेल: लांबच्या वस्तू धूसर केलेल्या नाहीत. त्याऐवजी रंगांचे थर किंचित सरकवलेत, जुन्या छपाईत लाल-निळा एकमेकांवर नीट बसला नाही की दिसायचा तसे. पहिल्यांदा बघणाऱ्यांना थ्रीडीचा चष्मा घालायचा राहिला की काय असं वाटतं ते यामुळेच. ठिपके आणि तिरक्या रेघाही कॉमिकच्या कागदावरून घेतल्यात.

मंगळवार, रात्री उशिरा

दुसरा भाग 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) लगेच बघितला, १४० मिनिटं. इथे पटकथेने अवघड पाऊल उचललंय. मनगटावरच्या घड्याळासारख्या यंत्राने शरीर तुटण्याचा त्रास संपवला, म्हणजे पहिल्या भागातली किंमतच काढून टाकली. मग नवी किंमत आणली: प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेली दुःखं असतात, ती टाळली तर ते विश्व कोसळतं, असं मिगेल ओहारा, सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या, सांगतो. मुंबॅटन या भारतीय विश्वातल्या शहरात माइल्स इन्स्पेक्टर सिंगला वाचवतो आणि शहराच्या मधोमध भोक पडतं. मिगेलचं गणित खरं आहे की त्याची समजूत, हे सिनेमा मुद्दाम उघडं ठेवतो. मला ते आवडलं, कारण त्यामुळे नियमावर भांडता येतं.

आणि एक बारीक हिशेब चुकता केलाय, त्याबद्दल लिहिलंच पाहिजे. माइल्सला चावलेला कोळी पृथ्वी-४२ वरून आला होता. म्हणजे त्या विश्वाला स्पायडर-मॅन मिळालाच नाही. पहिल्या भागात ४२ हा आकडा कोळ्याच्या अंगावर नुसता दिसतो. पाच वर्षांनी त्याचं बिल येतं. आपल्याला मिळालेली ताकद दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची होती. तिळाएवढ्या कोळ्याने दोन विश्वं बदलली, नारळीकरांच्या गोळीसारखीच.

पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनचं मुंबॅटन मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र मळून केलंय, आणि त्याचं रंगकाम सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलंय. ज्यांच्या घरात इंद्रजालचे अंक होते त्यांना तो केशरी-हिरवा खडबडीत छापील रंग बघताक्षणी ओळखू येईल. पात्र मूळचं २००४ च्या भारतीय कॉमिकमधलं आहे. भारतात हा सिनेमा दहा भाषांत आणला, त्यात मराठीही होती. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज शुभमन गिलने दिलाय. अशा सिनेमासाठी डबिंग मला पटतं. पडदा इतका भरलेला असतो की खालची अक्षरं वाचायला नजर गेली की वरचं चित्र गेलंच.

माइल्सची मैत्रीण ग्वेन हीही स्पायडर-वुमन; तिचं विश्व मात्र सगळ्यांत सुंदर. जलरंगात रंगवलेलं, आणि भिंती तिच्या मनःस्थितीप्रमाणे रंग बदलतात. शेवटाकडे ती घरी येते, वडिलांशी बोलते तो प्रसंग नुसता भिंतीकडे बघत पाहावा. आधी गार निळे-जांभळे ओघळ, मग वडील पोलिसाची नोकरी सोडल्याचं सांगतात आणि मागचा रंग उबदार होत जातो. होबी, म्हणजे स्पायडर-पंक, तर वेगळाच प्रकार: त्याचं शरीर तीन फ्रेमला एकदा बदलतं, जॅकेट चार फ्रेमला एकदा. बंडखोर माणसाला फ्रेमची शिस्तही लावलेली नाही.

हा सिनेमा अर्ध्यात तुटतो. शेवटची नावं सरकल्यावर पुढे काहीही नाही, थांबायचं कारण नाही. तिसरा भाग आधी मार्च २०२४ ला येणार होता, आता २०२७ वर गेलाय. दुसऱ्या भागाच्या वेळी तयार दृश्यं पुन्हा पुन्हा बदलावी लागली आणि सुमारे शंभर कलाकार काम सोडून गेले, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. उशीर झाला तर होऊ दे. माणसं पिळून काढलेली फ्रेम मला नको.

गुरुवार

'द फ्लॅश' (२०२३). या यादीतला सगळ्यांत चुटपुट लावणारा सिनेमा. तिकीटबारीवर पडला म्हणून लोक त्याला मोडीत काढतात, पण त्यातली फुटीची जागा फार अचूक आहे: टोमॅटोचा एक डबा. बॅरीची, म्हणजे फ्लॅशची, आई दुकानात डबा घ्यायला विसरते, वडील तो आणायला बाहेर पडतात, आणि तेवढ्यात घरात आईचा खून होतो. बॅरी भूतकाळात पळत जाऊन तो डबा तिच्या ट्रॉलीत टाकतो. बस्स. कुठलं आकाश फाटत नाही, कुठला जादूचा दगड नाही. डब्यामुळे आई वाचते आणि जग बदलतं.

पण इथला नियम 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) च्या उलट आहे, आणि दोन्ही पाठोपाठ बघणाऱ्याचा गोंधळ होतो तो याच ठिकाणी. एंडगेममध्ये भूतकाळात काही बदललं तर आपला वर्तमान तसाच राहतो, नवी फांदी फुटते. म्हणून भूतकाळातून आणलेले जादूचे मणी (इन्फिनिटी स्टोन्स) परत नेऊन ठेवावे लागतात. फ्लॅशमध्ये बदलाचा धक्का पुढेही जातो आणि मागेही. आई वाचली ती घटना अलीकडची, तरी बॅटमन त्याआधीपासूनच वेगळा, म्हातारा निघतो. हा बॅटमन, मायकेल कीटन, स्पगेटीच्या काड्या घेऊन हे समजावतो: कच्च्या काड्या दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात, आणि शिजल्यावर सगळा गुंता. अशा समजावणीच्या प्रसंगांत हा सर्वांत चांगला आहे, कारण हातातली वस्तू आणि नियम एकच आहेत. (एंडगेमही आपला नियम शेवटपर्यंत पाळतो असं नाही. म्हातारा कॅप्टन अमेरिका नेमक्या कुठल्या फांदीवर जगला, यावर त्या सिनेमाचे दिग्दर्शक आणि लेखक यांचीच उत्तरं जुळत नाहीत.)

किंमतही ठेवलीय. बदललेल्या जगात बॅरीला स्वतःचंच धाकटं रूप भेटतं; हा धाकटा बॅरी बॅटमन आणि सुपरगर्लला वाचवायला तीच लढाई पुन्हा पुन्हा खेळतो, अंगात तुकडे रुतत जातात, आणि त्याचाच काळा फ्लॅश होतो. हट्टाची किंमत शरीरावर साचलेली दाखवणं ही मोठी कल्पना आहे. मग दुकानातला प्रसंग येतो. थोरला बॅरी आईसमोर उभा, ती त्याला ओळखत नाही, आणि तो तिच्या ट्रॉलीतून डबा काढून घेतो. आईला मरू देणं म्हणजे डबा उचलणं. या एका हालचालीसाठी सिनेमा बघावा.

आणि लगेच सगळं घालवलं. बॅरी उरलेले डबे वरच्या फळीवर ठेवतो, म्हणजे वडील मान वर करतील आणि कॅमेऱ्यात चेहरा येईल. वडील सुटतात. ज्या चुकीसाठी दोन तास रडलो तीच चूक पुन्हा, आणि तिची शिक्षा म्हणून एक विनोद: बॅटमन म्हणून जॉर्ज क्लूनी गाडीतून उतरतो. नियम पाळायचा प्रसंग आला तेव्हा पटकथेने माघार घेतली. हे मला माफ करता येत नाही, कारण तोवर इतकं चांगलं जमलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शेवटच्या गोंधळात शेजारच्या विश्वांतले सुपरमॅन दाखवलेत, त्यात जॉर्ज रीव्ह्ज (मृत्यू १९५९) आणि क्रिस्टोफर रीव्ह (मृत्यू २००४) संगणकावर घडवून उभे केलेत. ते बोलत नाहीत, गोष्टीत काही करत नाहीत, नुसते दिसतात. मेलेल्या नटाचा चेहरा वापरायचा तर त्याला निदान काहीतरी काम असावं.

दृश्यं रबरी दिसतात त्याबद्दल दिग्दर्शक मुस्किएतींनी सांगितलं होतं की ते बॅरीच्या नजरेतलं जग आहे, प्रकाश वाकलेला आहे. तसं असेल तर बॅरी नसलेल्या दृश्यांत फरक पडायला हवा होता. प्रेक्षक कुठलीही शैली स्वीकारतो, फक्त ती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते ते त्याला दिसलं पाहिजे. स्पायडर-व्हर्समध्ये ते दिसतं.

गुरुवार, पुढे

व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं, एवढं का बिघडतं, हे एकदा नीट मांडून ठेवते. मोठ्या सुपरहिरो सिनेमाचं काम अनेक कंपन्यांत वाटलं जातं, बहुतेक ठरलेल्या रकमेवर. तारीख आधी जाहीर झालेली असते, ती सहसा हलत नाही. शेवटची लढाई कशी असावी हे मात्र उशिरापर्यंत ठरत नाही. रीशूट होतात, पोशाख संगणकावर बदलले जातात. रक्कम तीच, तारीख तीच, काम दुप्पट. मग कडा नीट सुटत नाहीत, चेहऱ्यावरचा प्रकाश मागच्या प्रकाशाशी जुळत नाही, पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत. खराब सीजीआय (संगणकावर बनवलेलं चित्र) ओळखायचं असेल तर आधी पाय बघा, मग केसांच्या कडा. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओजच्या व्हीएफएक्स कामगारांनी युनियनच्या बाजूने एकमताने कौल दिला तो याच परिस्थितीतून.

याच्या शेजारी 'एव्हरिथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' (२०२२) ठेवून बघावा. व्हीएफएक्सचं मुख्य काम जेमतेम पाच जणांनी केलं. जमेल तितकं कॅमेऱ्यासमोरच केलेलं, उरलेलं साध्या साधनांनी. एका विश्वातून दुसऱ्यात जायला काहीतरी अशक्य वाटणारं कृत्य करायचं: बूट उलट्या पायांत घालायचे, ओठांना लावायची कांडी खायची, समोर मारायला आलेल्या बाईला तुझ्यावर प्रेम आहे असं मनापासून म्हणायचं. जितकं विचित्र कृत्य तितकी लांबची उडी. नियम एका ओळीचा, आणि तो नटांच्या शरीरातून दिसतो. फार उड्या मारल्या तर मडक्याला तडे जावेत तसे मनाला जातात. फुटीची जागाही साधी: नायिका एव्हलिन तरुणपणी प्रियकर वेमंडबरोबर घर सोडून गेली की नाही. नाही गेली त्या विश्वात ती सिनेतारका आहे, आणि तिथला यशस्वी वेमंड गल्लीत उभा राहून सांगतो की तिच्याबरोबर कपडे धुण्याचं दुकान आणि कराची कागदपत्रं एवढ्यावरही तो खूश राहिला असता. दुसरं विश्व कशासाठी असतं, तर आपल्या विश्वातलं धुणं वेगळं दिसावं यासाठी.

संकलनाची युक्ती अशी: एका विश्वात हात उचलला की दुसऱ्यात तोच हात, त्याच उंचीवर, खाली येतो. कपडे, खोली, पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या सगळं बदललं तरी नजर एका बिंदूवर टिकते, म्हणून गोंधळ होत नाही. सात ऑस्करमध्ये संकलनाचंही होतं, ते योग्यच.

शनिवार

'स्पायडर-मॅन: नो वे होम' (२०२१) पुन्हा बघताना गर्दीचा आवाज नव्हता, तरी टिकला. वेगवेगळ्या सिनेमांतले तीन पीटर, म्हणजे तीन स्पायडर-मॅन, एकत्र येणं हा निव्वळ कॅमिओ ठरला असता. ठरला नाही तो पीटरची प्रेयसी एमजे पडते त्या क्षणामुळे. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर तिला झेलतो, जमिनीवर उतरवतो आणि त्याचा चेहरा कोसळतो, कारण २०१४ च्या सिनेमात त्याला त्याच्या प्रेयसीला, ग्वेनला, झेलता आलं नव्हतं. आणि शेवटी किंमत: सगळं जग पीटरला विसरतं, जवळची माणसंही. सवलत नाही. नवीन बघणाऱ्याने आधी २००२, २००४, २०१२ आणि २०१४ चे स्पायडर-मॅन बघावेत. २००७ चा वेळ असेल तर.

'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (२०२२) ची गोची वेगळी. खलनायिका झालेल्या वांडाला मुलं का हवीत हे कळायला आधी 'वांडाव्हिजन' मालिकेचे नऊ भाग बघायला हवेत. न पाहिलेल्याला ती नुसती पिसाट वाटते. इल्युमिनाटी नावाचा सुपरहिरोंचा गट येतो, ते टाळ्या घेतात, काही मिनिटांत मरतात, आणि काहीच वाटत नाही. दुसऱ्या पृथ्वीवरची माणसं, त्यांच्यावाचून आपलं अडत नाही. दिग्दर्शक सॅम रेमींचे तिरके कॅमेरे आणि संगीताच्या स्वरांनी केलेली मारामारी मात्र झकास.

'अँट-मॅन अँड द वास्प: क्वांटमेनिया' (२०२३): कँग या खलनायकाच्या असंख्य प्रती आहेत म्हटल्यावर एकाला हरवून काय साधलं? एवढंच पुरे.

'डेडपूल अँड वूल्व्हरिन' (२०२४) बद्दल माझं मत थोडं मऊ झालंय. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्स विकत घेतलं आणि त्या स्टुडिओचे सुपरहिरो एका फटक्यात बेघर झाले. 'व्हॉइड' ही त्यांचीच अडगळ आहे, आणि सिनेमा त्यांना एक शेवटची लढाई देतो. निरोप म्हणून तो प्रामाणिक आहे. गोष्ट म्हणून पोकळ, कारण विश्वाचा आधार असलेला माणूस मेला की विश्व विरतं हा नियम सांगितला जातो, पण ते विरताना कधी जाणवत नाही.

रविवार

थिएटरात जाणाऱ्यांसाठी. गडद सिनेमा असेल तर टूडी घ्या; थ्रीडीच्या चष्म्याने उजेड कमी होतो आणि रात्रीच्या लढाईत काही दिसत नाही. आपल्याकडे हॉलिवूडच्या सिनेमांना मध्यंतर नंतर घातलेलं असतं, मूळ सिनेमात ती जागाच नसते, त्यामुळे ते वाक्याच्या मध्येही येऊ शकतं. मार्व्हलमध्ये बहुधा एक दृश्य सजवलेल्या नावांनंतर आणि एक अगदी शेवटी असतं. पहिल्यानंतर दिवे लागतात, दार उघडतं, बसून राहावं.

२०२६ च्या डिसेंबरसाठी 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' जाहीर झालाय, आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियर त्यात खलनायक डॉक्टर डूम आहे. एंडगेममध्ये त्यानेच साकारलेला टोनी स्टार्क मेला, त्या मरणाची किंमत अजून शाबूत आहे. तोच चेहरा परत आणताना ती शाबूत ठेवतात का, हीच माझी काळजी. नियम चांगला पाळल्याची उदाहरणं त्यांच्याच घरात आहेत. 'लोकी' मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी लोकी सगळ्या काळाच्या फांद्या हातात धरून कायमचा एकटा बसतो. मार्व्हलमध्ये मल्टिव्हर्ससाठी याहून मोठी किंमत कोणी मोजलेली नाही. आणि 'फॅन्टॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' (२०२५) पृथ्वी-८२८ वर घडतो, साठच्या दशकासारख्या जगात, दुसरा एकही सुपरहिरो नाही, आणि आधीचं काहीही पाहिलेलं नसलं तरी चालतं. ८२८ म्हणजे या कॉमिकचे एक जनक जॅक कर्बी यांचा जन्मदिवस, २८ ऑगस्ट (अमेरिकन पद्धतीने ८/२८). समांतर विश्वाचा हा मला सर्वांत समंजस वापर वाटतो: वेगळं जग उभं करा आणि तिथेच गोष्ट सांगा.

डूम्सडेआधी बघायचं असेल तर क्रम असा ठेवीन: एंडगेम, लोकीचे दोन्ही सीझन (सहा अधिक सहा भाग), मग 'थंडरबोल्ट्स' या सिनेमाचं अगदी शेवटचं दृश्य, आणि त्यावर फर्स्ट स्टेप्स, मधल्या नावांनंतरच्या दृश्यासह. क्वांटमेनिया वगळला तरी काही अडत नाही, कँगचा धागा त्यांनीच सोडून दिलाय.